तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची

आमच्या जिन्याचा एक अलिखित नियम होता:
बाहेर पडण्याआधी दाराच्या भिंगातून बघायचं.
कुणी दिसलं, तर
कोट चढवून, टोपी घालून, श्वास धरून
आतच थांबायचं
त्याची पावलं विरेपर्यंत.
याला आम्ही सभ्यपणा म्हणायचो.
टाम्पेरेतल्या या सात मजली इमारतीत
तीस वर्षं मी फार सभ्य राहिलो.

दुसऱ्या मजल्यावरचा पेल्कोनेन गेला,
ते एकोणीस दिवस कुणाला कळलं नाही.
दाराच्या फटीतून टाकलेली पत्रं
आत इतकी साचली
की शेवटी टपालवाल्याचा हात अडला.
त्याला खाली नेलं तेव्हा
आम्ही सगळे आपापल्या भिंगापाशी
उभे होतो.

मग फेब्रुवारीत लिफ्ट काढली.
जुनी झाली होती, चौदा आठवडे लागतील,
असा कागद खाली चिकटवलेला.
बाहेर उणे बावीस
आणि आत एकशे बारा पायऱ्या.

चौथ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी,
एक खुर्ची दिसली.
स्वयंपाकघरातली, एक पाय आखूड,
त्याखाली पुठ्ठ्याची घडी.
कुणी ठेवली? अजून कुणी कबूल झालेलं नाही.

इर्मेली बसली होती तिच्यावर,
पंच्याऐंशीला टेकलेली, मांडीवर बटाट्यांची पिशवी.
मी वरून उतरत होतो.
जिन्याला भिंग नसतं.
मी म्हणालो, "थंडी आहे."
ती म्हणाली, "आहे."
तीस वर्षांच्या शेजारातलं हे पहिलं बोलणं.

पिशवी मी उचलली.
चार किलो बटाटे, सहाव्या मजल्यापर्यंत,
मध्ये दोनदा थांबून.
तिच्या दाराशी पोचलो तोवर
तिचा नवरा कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्यात गेला
ते मला कळलं होतं.
मी आठवून पाहिलं.
त्या दिवशीही मी भिंगापाशीच असणार.

पुढच्या आठवड्यात खुर्चीवर उशी आली, विणलेली.
होदान रात्रपाळीहून परतताना टेकायची,
थर्मासमधला वेलचीचा चहा
झाकणातून पुढे करायची.
तिची दोन मुलं पायऱ्यांवर पाढे म्हणायची,
तावनो त्यांच्या चुका काढायचा, स्वतः चुकायचा.
तावनोने जन्मभर बंदरात क्रेन चालवली,
माणसं त्याने बहुतेक वरूनच पाहिलेली.

मग व्यवस्थापकाची नोटीस:
जिन्यात सामान ठेवू नये. आगीचा धोका.
खरंच होतं ते, वाद घालण्यात अर्थ नव्हता.
होदान म्हणाली, रात्री मी घरात घेते.
दुसऱ्या रात्री इर्मेलीने नेली,
तिसऱ्या रात्री मी.
अशी फिरू लागली खुर्ची,
संध्याकाळी कुणाच्या तरी घरात
आणि सकाळी पुन्हा खिडकीशी.

एप्रिलमधला एक गुरुवार.
अकरा वाजले, खिडकीशी नुसती जागा.
होदानच्या धाकट्याने विचारलं, "आज कुणाकडे होती?"
तावनोकडे.
आम्ही दार वाजवलं. पुन्हा वाजवलं.
किल्ली येईपर्यंत इर्मेली
पत्रांच्या फटीला तोंड लावून बोलत राहिली,
हवामान, आइस हॉकी, बटाट्यांचा भाव,
जे सुचेल ते.
न्हाणीघराच्या फरशीवर तो पहाटेपासून,
खुबा मोडलेला.
आणि खुर्ची दाराशी, बाहेर न्यायला काढून ठेवलेली.

जूनमध्ये नवी लिफ्ट आली.
आरसा आहे, मजल्याचं नाव गोड आवाजात सांगते.
काही जण पुन्हा भिंगाकडे वळले.
त्यांना बोल लावायचा नाही मला,
तीस वर्षांची सवय माझ्याही पायांत आहे.

मीही लिफ्टनेच जातो, गुडघे ऐकत नाहीत.
फक्त बटण तिसऱ्याचं दाबतो.
तावनो काठी टेकत येतो, म्हणतो, "थंडी आहे."
जुलै असला तरी आम्ही म्हणतो, "आहे."

आज खुर्ची माझ्याकडे आहे.
गजर लावून झोपायला हवं.